बाईकचं कूलंट बदलताय? आधी कुठलं घालायचं ते ठरवा, मग बोल्ट उघडा

इंजिन ऑइल कुठलं टाकायचं यावर लोक तासतासभर बोलतात, ग्रेड काय, सिंथेटिक का मिनरल, किती हजार किमीला बदलायचं, पण कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाचा, विषय निघाला की एकच प्रश्न येतो, "हिरवं घालू का लाल?" आणि हा प्रश्नच चुकीचा आहे. रंग हा कंपनीने घातलेला रंग असतो, त्याला कुठलंही पक्कं स्टँडर्ड नाही. बाटलीत खरं काय आहे ते रंगावरून कळत नाही, लेबलवरून कळतं, आणि आपल्या गाडीला काय चालतं ते मॅन्युअलवरून कळतं. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कूलंट फ्लश करणाऱ्यांनी, म्हणजे जुनं काढून आतून धुवून नवीन भरणाऱ्यांनी, बोल्ट उघडायच्या आधी एवढं वाचावं म्हणून हे सगळं लिहितोय.

मी काही वर्षांपूर्वी दोनशे सीसीची लिक्विड कूल गाडी सेकंडहँड घेतली. चालायला झकास होती, पण कूलंटच्या टाकीत बघितलं तर आतलं पाणी कडक चहासारखं तपकिरी. आधीच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला लेव्हल कमी झाली की मी नळाचं पाणी घालायचो, कूलंट शेवटी पाणीच ना. महिनाभरात वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडायला लागले. पंप उघडला तर कव्हरच्या आतून पांढरा क्षाराचा थर आणि अॅल्युमिनियमला खड्डे पडलेले, जसं जुन्या पातेल्याला पडतात तसे. सील, शाफ्ट, इम्पेलर सगळं बदलावं लागलं. त्या माणसाने मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिलं: तुमच्या गाडीला कूलंट लागतं का?

हे विचारायला विचित्र वाटेल पण नवीन लोकांचा इथेच घोळ होतो. ड्यूक, एनएस २००, आरएस २००, डॉमिनार ४००, आर १५, एमटी १५, हिमालयन ४५०, ट्रायम्फ स्पीड ४००, करिझ्मा एक्सएमआर या लिक्विड कूल गाड्या. स्कूटरमध्ये एरॉक्स १५५ पण. स्प्लेंडर, शाईन वगैरे एअर कूल, त्यांना कूलंट नावाची भानगडच नाही. मधल्या गाड्या फसवतात. पल्सर २२०, एनएस १६०, जुनी ४११ वाली हिमालयन यांना पुढे रेडिएटरसारखी छोटी जाळी दिसते, पण ते ऑइल कूलर असतं, त्यातून इंजिन ऑइलच फिरतं. ओळखायची खूण सोपी: रेडिएटरला दाबून फिरवायचं झाकण असतं आणि कुठेतरी एक पांढरट प्लास्टिकची टाकी असते जिच्यावर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात. टाकी नाही तर कूलंट नाही.

अजून एक, "इंजिन फ्लश" नावाने दुकानात जी छोटी बाटली मिळते ती इंजिन ऑइलमध्ये टाकायची असते, ऑइल बदलायच्या आधी. तिचा कूलंटशी काही संबंध नाही. ती रेडिएटरमध्ये ओतायची नाही आणि कूलंट चुकूनही ऑइलच्या झाकणातून ओतायचं नाही. ओतलं गेलंच तर गाडी अजिबात स्टार्ट करू नका, आधी ऑइल काढा.

कूलंट करतं काय

आपल्याकडे सगळे म्हणतात की कूलंट म्हणजे अँटीफ्रीझ, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग पाणी घातलं तर काय बिघडलं. बरोबर आहे, पुण्यात किंवा सोलापुरात रेडिएटर गोठत नाही. पण गोठू न देणं हे त्याच्या कामांपैकी फक्त एक आहे.

साध्या मिक्स कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात. निम्मं पाणी, साधारण निम्मं इथिलीन ग्लायकोल (काहींत प्रॉपिलीन ग्लायकोल), आणि थोड्या टक्क्यांत गंज रोखणारी रसायनं. उष्णता वाहून न्यायचं मुख्य काम पाणीच करतं, त्यात पाण्याला तोड नाही. ग्लायकोलमुळे गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास जातो आणि उकळणबिंदू थोडा वर, म्हणजे निम्म्या-निम्म्या मिक्सचा साधारण १०७ डिग्री. आता गंमत बघा, यात कूलंटने फक्त सातेक डिग्री दिले. खरी वाढ देतं ते रेडिएटरचं झाकण. त्यावर बऱ्याचदा १.१ असा आकडा असतो, म्हणजे ते आतला दाब हवेच्या दाबापेक्षा १.१ बारपर्यंत वाढू देतं, आणि त्या दाबामुळे तेच मिक्स सव्वाशे डिग्रीच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून गाडी उकळते अशी तक्रार असेल तर महागडं कूलंट शोधायच्या आधी झाकणाचं रबर बघा, चिरलेलं किंवा चपटं झालं असेल तर नवीन झाकण टाका. लडाखमधल्या उंच खारदुंग ला खिंडीत जाणाऱ्यांनी तर नक्की बघा, तिथे साधं पाणी ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीलाच उकळतं, झाकण गेलेलं असेल तर कूलंट कितीही भारी असलं तरी फेस येणार.

आणि तिसरी गोष्ट, गंज रोखणारी रसायनं, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही, तीच महत्त्वाची. इंजिनच्या आत अॅल्युमिनियम, स्टील, तांबं किंवा पितळ, रबर, सगळं एका पाण्यात बुडालेलं असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षार असलेलं पाणी म्हणजे बॅटरीच झाली की, मग अॅल्युमिनियम बिचारं खाल्लं जातं. ही रसायनं ते थांबवतात, आणि हीच वापरून संपतात. ग्लायकोल तसं वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे जुनं कूलंट दिसायला ठीक असलं तरी आतून निकामी झालेलं असू शकतं. "रंग अजून छान आहे" याला काही अर्थ नाही.

आता निवड, नीट वाचा

सगळा फरक या तिसऱ्या गोष्टीतच आहे. बाजारात जे प्रकार दिसतात ते ढोबळमानाने तीन.

आयएटी, जुनी पद्धत. यात सिलिकेट, फॉस्फेट वगैरे असतात. हे सगळ्या भिंतीला रंग मारल्यासारखं आतून सगळीकडे थर चढवतं. लगेच काम करतं पण लवकर संपतं, साधारण दोन वर्षं.

ओएटी, सेंद्रिय आम्लांवर चालणारं. हे जिथे ओल आली तिथेच डागडुजी करणाऱ्या गवंड्यासारखं आहे, जिथे गंज सुरू होतोय तिथेच जाऊन बसतं. त्यामुळे जास्त टिकतं, बऱ्याच बाटल्यांवर पाच वर्षं लिहिलेलं असतं.

एचओएटी म्हणजे दोन्हीचं मिश्रण, सेंद्रिय आम्लं आणि सोबत थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट. आजकाल बाईकच्या कूलंटमध्ये हे भरपूर दिसतं.

यात जपानी आणि युरोपियन कंपन्यांचं फार पूर्वीपासून जमत नाही आणि त्यामागचं कारण कळलं की लेबल वाचणं सोपं जातं. जपानी कंपन्यांना सिलिकेट नको असतं, कारण त्याचे बारीक कण वॉटर पंपाचं सील घासतात असा त्यांचा अनुभव. म्हणून होंडासारख्यांच्या मॅन्युअलमध्ये सिलिकेट नसलेलं वापरा असं दिसेल, फॉस्फेट त्यांना चालतं. युरोपात नळाचं पाणी जड, त्यात फॉस्फेट गेलं की कॅल्शियमबरोबर जमून क्षार बसतो, म्हणून तिकडच्यांना फॉस्फेट नको, थोडं सिलिकेट चालतं. तुमची गाडी कुठल्या घराण्याची आहे त्यावरून अंदाज येतो, पण अंदाजावर जाऊ नका, मॅन्युअल उघडा. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळतं.

मॅन्युअलमध्ये एवढं शोधा: कूलंटचा प्रकार किंवा नाव, मिक्सचं प्रमाण, एकूण किती लिटर लागतं, आणि किती वर्षांनी किंवा किमीने बदलायचं. चौथ्या गोष्टीत वर्षं आणि किमी यातलं जे आधी येईल ते धरायचं, गाडी उभी असली तरी कूलंट म्हातारं होतं.

मग दुकानात बाटली हातात घेतली की मी असं बघतो. आधी, अॅल्युमिनियम इंजिनसाठी चालेल असं लिहिलंय का. मग ओएटी, एचओएटी, सिलिकेट फ्री यातलं काही स्पष्ट लिहिलंय का. मग एखादं स्टँडर्ड आहे का, आपल्याकडचं आयएस ५७५९, अमेरिकन एएसटीएम डी ३३०६, किंवा जपानी जेआयएस के २२३४, यातलं एखादं तरी असावं. मग तयार मिक्स आहे का कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी मिसळून वापरायचं घट्ट कूलंट. शेवटी पॅकिंगची तारीख आणि सील. यातलं काहीच लिहिलेलं नाही, नुसतं "सुपर कूलंट" आणि थर्मामीटरचं चित्र आहे, तर ठेवून द्या परत. स्वस्तातल्या काही कॅनमध्ये नुसतं रंगीत पाणी निघतं. खात्री करायची असेल तर रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र ऑनलाईन मिळतं, काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे बघायचं, ग्लायकोल किती आहे ते रेघेवर दिसतं. इथिलीन आणि प्रॉपिलीनची रेघ वेगळी असते तेवढं बघा. फक्त हे यंत्र गंज रोखणारी रसायनं शिल्लक आहेत का ते सांगत नाही, म्हणून जुनं कूलंट यात "पास" झालं तरी तारीख उलटली असेल तर बदलायचंच.

रंगाबद्दल एकच उदाहरण देतो म्हणजे विषय संपेल. टोयोटाचं सुपर लाँग लाईफ गुलाबी असतं आणि त्यात फॉस्फेट असतं. फोक्सवॅगनचं जी १२ पण गुलाबीच आणि त्यात फॉस्फेट नसतं. दोन्ही गुलाबी, दोन्ही चांगली, आणि आत वेगवेगळी.

मिसळलं तर काय होतं? बहुतेक वेळा लगेच काही दिसत नाही, गाडी चालते, म्हणून लोकांना वाटतं चालतं. पण आयएटी आणि ओएटी एकत्र झाले की पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांचं होतं, आणि काही जोड्या अशा असतात की जेलीसारखा गाळ तयार होतो. बाईकच्या रेडिएटरच्या नळ्या फार बारीक, त्यात तो गाळ बसला की काढणं मुश्कील. म्हणून टॉपअप करताना आत जे आहे तेच लागतं. कूलंटचा प्रकार बदलायचा असेल तर फ्लश हीच संधी, कारण तेव्हा आतलं सगळं बाहेर असतं. "कुठल्याही गाडीत, कुठल्याही कूलंटबरोबर चालेल" असं लिहिलेली बाटली रस्त्यात टॉपअपला ठीक आहे, पण सगळं रिकामं करून भरतोय तर तडजोड कशाला, गाडीला जे सांगितलंय तेच घाला.

कारचं कूलंट चालतं का? प्रकार आणि स्टँडर्ड जुळत असेल तर चालतं, बाईकचं चित्र असलेली बाटली म्हणजे आत काही जादू असते असं नाही. ट्रकचं मात्र नको. मोठ्या डिझेल इंजिनच्या लायनरला खड्डे पडू नयेत म्हणून त्यात नायट्राइटसारख्या वेगळ्या गोष्टी घालतात, त्याचं आपल्याला काही काम नाही.

पाणी

पहिल्यांदा करणाऱ्यांनी सरळ रेडी टू यूज घ्यावं, उणे ३७ वालं, पाणी मिसळायची झंझट नाही. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर पाणी डिस्टिल्डच. दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं ते चालतं, कॅनवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वाचून घ्या, आणि बॅटरीचं पाणी मागा, बॅटरीचं अॅसिड नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात. बोअरचं पाणी बिलकुल नको. मराठवाड्यात, नगरकडे, आमच्याकडे सुद्धा बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल पांढरी होते ती बघितलीय ना, तसंच इंजिनमध्ये होतं, आणि क्षाराचा थर उष्णता अडवतो. आरओचं पाणी नळापेक्षा खूप बरं, रस्त्यात अडकलात आणि लेव्हल खाली गेली तर बाटलीबंद पाणी घालून घरी या, जीव वाचवायला चालतं, पण घरी आल्यावर फ्लश.

कॉन्सन्ट्रेट नुसतं ओतायचं नाही. जास्त घट्ट म्हणजे जास्त थंड असं बऱ्याच जणांना वाटतं, उलट आहे. नुसतं ग्लायकोल उष्णता कमी वाहून नेतं आणि गोठतंही उणे १३ च्या आसपासच, मिक्सपेक्षा लवकर. निम्मं-निम्मं सगळ्यात बरं. एक तृतीयांशाच्या खाली ग्लायकोल गेलं की गंजापासूनचं रक्षण कमी पडतं, आणि साठ टक्क्यांच्या वर नेण्यात फायदा नाही.

फ्लश

गाडी पूर्ण थंड. रात्री लावा आणि सकाळी करा. हे मी परत परत सांगणार, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत शंभर डिग्रीच्या वरचं पाणी दाबाने कोंडलेलं असतं, झाकण सैल झालं की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर हातावर येतं. फडका धरून हळूच उघडतो म्हणणारेही भाजतात.

सामान: पान्यांचा सेट, नरसाळं, पसरट टब, चार-पाच लिटर डिस्टिल्ड पाणी, कूलंट, नवीन तांब्याचा वायसर, हातमोजे. गाडी पॅडॉक स्टँडवर सरळ उभी असेल तर उत्तम, नाहीतर कोणीतरी सरळ धरायला घ्या. फेअरिंगवाल्या (बाजूला प्लास्टिकचं कव्हर असलेल्या) गाडीला उजवी डावी बाजू काढावी लागते, त्याचे स्क्रू कुठून निघाले ते फोटो काढून ठेवा.

कुत्रं मांजर आणि लहान मुलं लांब. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या प्रमाणातही किडनी निकामी होते. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. एखाद्या प्राण्याने चाटलेलं दिसलं तर बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वॉटर पंपाच्या कव्हरवर तीन-चार बोल्ट असतात, त्यातला एकच ड्रेन बोल्ट (कूलंट बाहेर सोडायचा) असतो, सहसा सगळ्यात खालचा, आणि त्याच्याखाली वायसर असतो. बाकीचे कव्हर धरून ठेवणारे आहेत, ते उघडले तर गॅस्केट जाईल. मॅन्युअलमधलं चित्र बघून मगच पाना लावा. टब खाली ठेवा, बोल्ट काढा. सुरुवातीला थोडंच येईल कारण वरून झाकण बंद आहे. मग वरचं झाकण उघडलं की जोरात पिचकारी येते, टब थोडा पुढे सरकवून ठेवा. मिन-मॅक्सवाली टाकी पण रिकामी करा, बरेच लोक ती विसरतात आणि सगळा जुना गाळ त्यातच खाली बसलेला असतो. काढून, हलवून, धुवून परत लावा.

निघालेलं कूलंट टबात नीट बघा, गाडी काय म्हणतेय ते त्यात दिसतं. नुसतं फिकट झालंय तर ठीक. तपकिरी म्हणजे गंज, कोणीतरी पाणी घातलंय. पांढरे कण म्हणजे क्षार. वर तेलाचा तवंग किंवा दुधासारखं झालेलं असेल तर कुठेतरी ऑइल आणि कूलंट एक होतंय, पंपाचं सील किंवा हेड गॅस्केट. ऑइलच्या काचेतूनही बघा, तिथे दूध कॉफी दिसली तर फ्लश थांबवा, मेकॅनिकला दाखवा, अशा वेळी नवीन कूलंट घालून काही उपयोग नाही. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर सील गेलंय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, बाहेर गळून आपल्याला कळावं म्हणून, त्याला एमसील लावून बंद करू नका.

मग ड्रेन बोल्ट जुन्याच वायसरवर तात्पुरता लावा, डिस्टिल्ड पाणी भरा, झाकण लावा, गाडी चालू करून उभीच ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत चालवायचं, नाहीतर इंजिनमधलं जुनं पाणी हलतच नाही. रेडिएटर दोन्ही बाजूंनी गरम लागला किंवा फॅन लागला म्हणजे उघडला. बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या, चहा घ्या, जेवून या, घाई नको, परत तेच, गरम असताना झाकण उघडायचं नाही आणि गरम इंजिनात थंड पाणी तर अजिबात ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर काढा. निघालेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. नियमित बदललेल्या गाडीला एक-दोनदा पुरतं, माझ्या त्या चहावाल्या गाडीला पाच वेळा लागलं आणि सगळा रविवार गेला.

क्षार खूपच असेल तर अॅल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलं रेडिएटर क्लीनर मिळतं, बाटलीवरचा वेळ पाळा आणि नंतर दोन-तीन वेळा जास्त धुवा, ते आत राहिलं तर नवीन कूलंट खराब होतं. घरगुती प्रयोग नको. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो, टॉयलेट क्लीनरमध्ये अॅसिड असतं तेही खातं. आणि गळती थांबवणारी पावडर किंवा लिक्विड, ते भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

भरणं आणि हवा काढणं

नवीन वायसर टाकून ड्रेन बोल्ट लावा. सहा एमएमचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमचे आटे, साधारण दहा न्यूटन मीटर पुरतं, म्हणजे छोट्या पान्याने बसेपर्यंत आणि वर थोडासा. इथे ताकद दाखवली की आटे जातात.

आता एक हिशोब. कितीही काढलं तरी इंजिनच्या कोपऱ्यात थोडं फ्लशचं पाणी राहतंच. समजा गाडीला १.२ लिटर लागतं आणि आत २०० एमएल पाणी राहिलं, तर तुम्ही एक लिटर रेडी मिक्स घातलं की ग्लायकोल ५० टक्के नाही, ४२ च्या आसपास होतं. महाराष्ट्रात काही फरक पडत नाही. पण थंडीत लडाख-स्पितीला जाणार असाल तर कॉन्सन्ट्रेटने भरा: आधी ६०० एमएल कॉन्सन्ट्रेट ओता, वर मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी, आतलं २०० धरून बरोबर निम्मं-निम्मं होतं.

ओतताना हळूहळू, बारीक धारेने. भसकन ओतलं की आत हवा कोंडते, आणि हवेचा फुगा जिथे अडकतो तिथे धातू थंड होत नाही. रबरी होज हाताने दाबत राहा, बुडबुडे वर येतील. गाडी हळूच डावीकडे उजवीकडे कलवा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, मॅन्युअलमध्ये असेल तर तो सैल करून नुसतं कूलंट यायला लागलं की बंद करा. मग झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, न्यूट्रलमध्ये, एक-दोन मिनिटं, मधूनमधून हलकीशी रेस. लेव्हल खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबले की, आणि गरम व्हायच्या आधीच, झाकण दोन टप्प्यांत पूर्ण फिरवून बंद करा, पहिल्या खाचेवर राहिलं तर दाब धरणार नाही. टाकी मिन आणि मॅक्सच्या मध्ये भरा, मॅक्सच्या वर नको, गरम झाल्यावर फुगायला जागा लागते.

जवळच्या जवळ दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, टेम्परेचरवर डोळा ठेवा. काटा नेहमीपेक्षा भराभर वर गेला किंवा पटकन खाली-वर करायला लागला तर हवा राहिलीय, थांबा, गार करा, परत काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर रेडिएटर आणि टाकी दोन्ही बघा. टाकीतलं थोडं कमी झालेलं असेल, ते नॉर्मल आहे, उरलेली हवा निघून गाडीने ते आत ओढलं. पण आठवडाभर रोज कमी होत राहिलं तर कुठेतरी गळतंय.

जुनं कूलंट आणि पहिल्या धुण्याचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर "विष" असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि सर्व्हिस सेंटरला किंवा जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. गटारात, झाडाच्या बुडात, शेतात नको. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही भरून ठेवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं घरी करू नका, त्यांच्याकडून करून घ्या आणि बिलावर कुठलं कूलंट घातलं ते लिहून घ्या.

आणि सगळं झाल्यावर सीटखाली एक चिकटपट्टी लावा, त्यावर पक्क्या मार्करने तारीख, किमी, कूलंटचं नाव, प्रकार आणि रेडी मिक्स का कॉन्सन्ट्रेट ते लिहा. दोन वर्षांनी टॉपअप करताना तुम्हालाच लागेल, आणि गाडी विकलीत तर पुढच्याला.